उणे नऊ

७ मार्च

एका गुणाने! ७१–७२. चाळीस मिनिटं जीव काढला आणि शेवटच्या पाच सेकंदांत सगळं मातीत. काल काही लिहवलं नाही. आज लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दोनने पुढे होतो आम्ही. सेमीफायनल, तीही घरच्या मैदानावर, चंद्रपुरात. पत्र्याखालचं स्टेडियम नुसतं दणाणत होतं, त्यात डीजे वेगळा. चेंडू जबलपूरवाल्यांकडे. तो त्यांच्या १३ नंबरकडे जाणार हे शेंगदाणे विकणाऱ्यालाही ठाऊक होतं. लांबून मारते ती, आणि तिचे बसतात. १३ला निशात धरून होती, ८ला मी. ती ८ नंबरवाली धिप्पाड बाई निशातच्या वाटेत आडवी उभी राहिली आणि १३ तिच्या मागून सटकली. आता अशा वेळी आम्हा दोघींपैकी एकीने १३ला धरायचं, दुसरीने ८ला. कोण कोणाला, ते ओरडून सांगायचं. आमचे कोच पियुष सर, त्यांनी महिन्याभरापूर्वी नवा नियमच काढला — जिला तुम्ही स्वतः धरणार तिचा नंबर ओरडा. बाकी एक शब्द नको. टीममध्ये दोघी केरळच्या, एक रायपूरची, कोणाचं बोलणं कोणाला कळत नाही. आकडे तेवढे हिंदीत सगळ्यांना कळतात.

निशात ओरडली — १३! १३!

स्पष्ट ऐकलं मी. डीजे असो नाहीतर तोफा! १३ म्हटलं म्हणजे १३ तिची. मी ८ला चिकटले, तिच्याबरोबर बास्केटखाली धावले. वळून बघते तर १३ एकटी! समोर चिटपाखरू नाही. निशात अजून मागेच. चेंडू गेला, जाळी हलली, तीन गुण, भोंगा.

ड्रेसिंग रूममध्ये निशातबाई माझ्यासमोर येऊन उभी राहते आणि मलाच विचारते, "तू गेली काऊन नाई?"

मी! मी गेले नाही!

मी म्हटलं, ओरडली कोण होती? तर म्हणे, "मीच बोलली ना! मंग?" चोराच्या उलट्या बोंबा. मी बूट हातात घेतले आणि अनवाणी बाहेर आले.

८ मार्च

महिला दिन. टीमच्या ऑफिसातून गुलाबांचा एक बुके आला. बारा जणींत एक!

त्याच्या मागोमाग मोबाईलवर सामन्याच्या आकड्यांचा तक्ता आला. बघणार नव्हते. बघितला.

माझी ओळ. मिनिटं ३६. गुण २७. मैदानातून २१ मारले, १० बसले, त्यातले ३ लांबून. फ्री थ्रो ५ पैकी ४. असिस्ट, म्हणजे माझ्या पासवर दुसरीने केलेले, ४. चेंडू गमावला ६ वेळा — बरं, ते माझंच. दोन्ही टीम मिळून माझ्यापेक्षा जास्त गुण कोणाचे नाहीत. त्या १३चेही नाहीत. इथपर्यंत वाचलं आणि जरा बरं वाटलं.

मग शेवटचा रकाना. उणे ९.

हा रकाना कोणी काढला त्याला एकदा भेटायचं आहे. तुम्ही मैदानावर असताना आपल्या टीमने किती केले, समोरच्यांनी किती, त्याची वजाबाकी. बस्स. मी छत्तीस मिनिटं होते तेवढ्यात आम्ही नऊने मागे पडलो. बाकावर बसले त्या चार मिनिटांत टीम आठने पुढे गेली. म्हणजे साक्षीताई पाणी पीत बसल्या की टीम पळते!

आणि निशातची ओळ. २४ मिनिटं. गुण ३. तीन! रिबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू पकडला, ७, समोरच्यांच्या हातून चेंडू काढला ३ वेळा. शेवटचा रकाना — अधिक १०.

तीन गुणांवर अधिक दहा. सत्तावीसवर उणे नऊ. आणि "आवाज दिला पण गेली नाही" याला रकानाच नाही. शिंकायला रकाना असेल, याला नाही.

९ मार्च

चामोर्शीहून बाबांचा फोन. राजदीपने त्यांना तक्ता उघडून दिला म्हणे. धाकटा भाऊ म्हणून दुसरं काही काम नाही त्याला. बाबा एसटीत कंडक्टर होते, कागद दिसला की शेवटच्या आकड्यावर आधी नजर जाते त्यांची.

म्हणाले, "सत्तावीस काढले म्हनते. मंग हे उने नऊ काऊन हाये?"

समजावून सांगितलं. रकाना काय, वजाबाकी कशी.  मग म्हणाले, "म्हंजे तू बसली का टीमचं बरं होते काय?" टोमणा नव्हता तो. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. टोमणा असता तर उलट बोलता तरी आलं असतं.

आईने फोन घेतला. जेवली काय, आणि निशात कशी हाये. तिचे हे दोन प्रश्न जोडीने येतात, शाळेपासून. बरी आहे म्हटलं.

१० मार्च

निशातचे फोन. वाजू दे.

१२ मार्च

आज पियुष सरांनी बोलावून सांगितलं. पुढच्या मोसमासाठी टीम एकच स्थानिक खेळाडू ठेवणार. आधी कुजबुज होती, आता पक्कं. स्थानिक आम्ही दोघीच. वीस तारखेला कळणार.

म्हणजे दोघींपैकी एक. एकीला वर्षाचा करार, फिजिओ, नीट बूट. दुसरी घरी. मला घरी म्हणजे काय ते माहीत आहे. चामोर्शीच्या पुढची ती आश्रमशाळा, कंत्राटी क्रीडाशिक्षक, दोन वर्षं केलं आहे मी. गळ्यात शिट्टी, बास्केटच्या खांबाला रिंगच नाही, त्यावर गुरुजी लोक टॉवेल वाळवतात. अठ्ठावीस पूर्ण होतील मला ऑगस्टमध्ये. या वयात सुटलेली मुलगी पुन्हा कोणी घेत नाही.

सरांचा आवाज खाली आला होता. म्हणाले, दीपाली मॅडमचा कल शेवटच्या रकान्याकडे आहे. या मॅडम आमच्या मॅनेजर. चेंडू गोल असतो यापलीकडे त्यांना खेळातलं काही ठाऊक नाही, पण तक्ता वाचता येतो. अधिक दहा म्हणजे चांगली, उणे नऊ म्हणजे वाईट. एवढं तर राजदीपलाही कळतं.

परत येताना घुटकाळ्यातून आले. बाबूभाईंचं दुकान उघडं होतं. ईदच्या कपड्यांचा ढीग, त्यात त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं. निशातचे अब्बा. मी मान खाली घालून गाडी काढली.

फेब्रुवारीत याच दुकानात आम्ही दोघी माप द्यायला आलो होतो. जिचा करार होईल तिने सहीला निळा ब्लेझर घालून यायचं, असं मॅडमचं फर्मान. तेव्हाच कुजबुज होती, म्हणून बाबूभाई म्हणाले दोघींचे शिवून ठेवतो, एकाच थानातले. निशात हसून मला म्हणाली, "शिवू दे अब्बाले. जिचा नाई लागला ते लग्नात घालन." मी म्हटलं, तुझ्या लग्नात कोण ब्लेझर घालून येईल! खूप हसलो. बाबूभाईंनी टेप दोघींच्या खांद्यांवरून एकदमच टाकला आणि म्हणाले, नीट उभ्या राहा.

आता आठवून काय उपयोग.

१४ मार्च

लिहायचं आहे आणि लिहवत नाही. तरी लिहिते.

व्हिडिओ मीटिंग झाली. सरांनी शेवटचे पाच सेकंद लावले. पुन्हा लावले. थांबवून लावले. आवाज काहीच कळत नाही, नुसता डीजेचा धडाका. आणि पडद्यावर कोण दिसते? मी! १३ला चेंडू मिळतो आहे आणि तिच्याकडे पाठ करून बास्केटखाली पळणारी मीच. बघणाऱ्याला वाटेल ही बाई झोपली होती. केरळच्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. दीपाली मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

मी उभी राहिले. म्हटलं सर, आवाज निशातने दिला होता. १३.

सरांनी तिला विचारलं, दिला होता का?

"हो सर. जोरात बोलली मी."

अशी ठणकावून म्हणाली की जणू बक्षीसच मिळणार आहे! सर म्हणाले, मग जी आवाज देते ती जाते, हा नियम माहीत नाही का? ती म्हणाली, मी कशी जाणार, ती ८ वाली माझ्या खांद्यावर होती. निशात आज खांद्याला पट्टा बांधून आली होती. मग म्हणाली की आवाज तर साक्षीसाठी होता. सर म्हणाले आवाज सगळ्यांसाठीच असतो, आणि हात हलवून तिला बसवलं.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. माझी बाजू सरळ झाली होती.

पण समोर मॅडमच्या मांडीवर तो तक्ता. अधिक दहाला पिवळी खूण केलेली. मला ती खूण दिसली आणि माझ्या तोंडून निघालं की सर, तिने मुद्दाम केलं. दोघींपैकी एकच राहणार हे तिच्याही कानावर होतं. १३ ओरडली, मला हटवलं, आणि जागची हलली नाही. चूक माझी दिसावी म्हणून.



निशातने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रस्त्यात अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की आपण बघतो ना, तसं. म्हणाली, "साक्षी, मी तुलेच बोलली ना."

"बोलली होती तर मंग गेली काऊन नाई?" मी म्हटलं. आम्ही दोघी एकमेकींना एकच प्रश्न विचारून राहिलो आहोत आठवडाभर.

ती उठून गेली. रोजा होता तिचा, सामन्याच्या दिवशीही होता. खजूर खाऊन मैदानात उतरली होती. तेव्हा सगळ्यांनी केवढं कौतुक केलं होतं तिचं! आज पाणी पी म्हणायलाही कोणी उठलं नाही. मीही नाही.

खरं सांगायचं तर बोलेपर्यंत मला तसं वाटतही नव्हतं. बोलल्यावर वाटायला लागलं.

१५ मार्च

बोलले ते बोलले. तोंड फक्त गोड बोलायला असतं का?

१७ मार्च

सराव नाही. खोलीत पडून होते. चिमूरची स्पर्धा आठवत बसले, नको असताना.

नववीत होतो. शाळेच्या वर्गात मुक्काम, सगळ्या मुली सतरंजीवर. निशात आणि मी पहाटे दूध प्यायला चौकात निघालो आणि दोन कुत्री मागे लागली. निशात माझ्याशी नेहमी मराठीतच बोलते, माझ्यापेक्षा झाडीबोलीचा ठसका तिचा जास्त. पण त्या दिवशी किंचाळली, "भाग साक्षी, भाग! इधर से!" घाबरली की तिचं मराठी पळून जातं आणि घरची बोली बाहेर येते. मी तिला वर्षभर चिडवलं, कुत्र्याला मराठी कळतं म्हणून हिंदीत बोललीस का? ती म्हणायची, तू वाचली ना? मग झालं.

त्या स्पर्धेत ती मला पास देत गेली आणि मी मारत गेले. ट्रॉफी मला. पेपरात नाव माझं, ती फोटोत अर्धी कापलेली. तेव्हापासून असंच चाललं आहे. तिची कधी तक्रार नव्हती. निदान मला दिसली नाही. आता तक्त्याने तिची बाजू घेतली तर माझा जळफळाट होतो आहे, असं कोणी म्हणेल. म्हणू दे! मी सत्तावीस काढले होते.

आईचा फोन. निशातच्या आईचा, शकिलाबाईंचा, तिला फोन आला होता. काही म्हणाल्या नाहीत, नुसतं साक्षीची तब्येत बरी आहे ना विचारलं. आई म्हणाली, "काय झालं वो तुमचं? ते बाई रडल्यासारखी बोलून राह्यली होती." मी म्हटलं नेटवर्क नाही, आणि फोन ठेवला. चंद्रपुरात भरपूर नेटवर्क आहे.

२० मार्च

मी राहिले. निशात गेली.

सरांनी मला एकटीला सांगितलं. मॅडम शेवटपर्यंत अधिक दहा धरून बसल्या होत्या. सर म्हणाले, आकडे ठीक आहेत, पण आवाज देऊन न जाणारी मुलगी शेवटच्या मिनिटाला मी कोणत्या भरवशावर उतरवू? तेव्हा मॅडमनी सोडलं. म्हणजे शेवटचा रकाना हरला आणि माझं एक वाक्य जिंकलं.

मी विचारलं, ती दुसऱ्या टीमकडे जाईल ना? सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, लीगला प्रत्येकीचा शेरा पाठवावा लागतो. तिच्या नावापुढे लिहिलं आहे, "संघभावना संशयास्पद". आता तिला कोण घेणार?

एवढं मी म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं का? मी फक्त माझं वाचवत होते.

आज उड्या मारायला हव्यात. दुपारी पेढे आणले, एक खाल्ला, बाकी घरमालकीण नीलाबाईंना दिले. त्यांनी विचारलं, कसले?  वाढदिवस म्हटलं.

बाबांना कळवलं. "आता उने-अधिक नाई ना?" म्हणाले. नाही म्हटलं.

संध्याकाळी निशातचा मेसेज. "मुबारक. ब्लेझर तयार हाये. अब्बाच्या दुकानातून घेऊन जाजो."

एवढाच. शिवी दिली असती तर चाललं असतं.

२१ मार्च

ईद. दरवर्षी शकिलाबाईंचा डबा येतो. आला नाही. कशाला येईल?

२३ मार्च

उद्या सही. ब्लेझर आणायला गेले. निशात दुकानात नव्हती, सुटल्यासारखं वाटलं. बाबूभाईंनी मशीन थांबवलं, चहा सांगू का विचारलं. रागावलेले नाहीत, तेच जड गेलं.

दांडीवरून दोन ब्लेझर काढले. दोन्ही निळे, एकाच थानातले. कॉलरच्या आत बघितलं. एक घडी करून बाजूला ठेवला. "ये निशात का. अब क्या करना है इसका." दुसरा माझ्याकडे सरकवला.

"ये तेरा."

मी विचारलं, काय म्हणालात चाचा? त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. मोठ्याने म्हणाले, "तेरा! तेरा! ले, पकड."

तोच सूर. लेकीने बापाचाच सूर उचलला आहे. ८ वाली अंगावर होती, निशात घाबरली होती, आणि घरची बोली बाहेर आली. हा गडी आता तुझा, तू धर, असं मला सांगत होती ती. नंबर ओरडलीच नव्हती.

ब्लेझर दुकानातच राहिला. खोलीवर आले आणि सात तारखेचं पान उघडलं.

१३ लिहिलंय मी. अंकात.